पुसता येणारा आवाज

आवाज पहिल्यांदा कुणी साठवला, असं शाळेतल्या मुलाला विचारलं तरी तो एडिसनचं नाव घेईल. १८७७ साल, कथलाचा वर्ख गुंडाळलेलं नळकांडं, त्यावर ओरखडे काढणारी सुई, हे सगळं पाठ्यपुस्तकांनी आपल्याकडून घोकून घेतलं आहे. पण ज्या यंत्राने आवाज खऱ्या अर्थाने तुमच्या-आमच्या घरात, शोकेसवरच्या विणलेल्या रुमालावर आणून ठेवला, त्या टेपरेकॉर्डरचा मूळपुरुष कोण? इथे भलेभले अडखळतात. त्याचं नाव वाल्देमार पोल्सेन. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतला एकोणतीस वर्षांचा तंत्रज्ञ. १८९८ च्या डिसेंबरात त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि आपल्या यंत्राला नाव दिलं ‘टेलिग्राफोन’.

उपेक्षित शोधकांवर हळहळणं हा रविवारच्या पुरवण्यांचा जुना धंदा आहे. तो मला इथे करायचा नाही. पोल्सेनचं तसं काही वाईट झालं नाही. पुढे त्याने बिनतारी संदेशवहनात मोठं नाव कमावलं आणि १९४२ साली तो भरल्या वयात गेला. मला त्याच्याविषयी लिहावंसं वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. त्याने आवाज साठवण्याची नवी रीत काढली, असं सगळेच लिहितात. पण साठवण्याच्या बरोबरीने त्याने आणखी एक गोष्ट जगाला दिली, आणि तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. आवाज पुसण्याची सोय. गेल्या सव्वाशे वर्षांत आपण जे जपलं आणि जे गमावलं, त्यात या दुसऱ्या देणगीचा वाटा पहिलीइतकाच आहे, असं माझं मत आहे.

पण कल्पना पोल्सेनच्याही आधीची. ओबर्लिन स्मिथ हा अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातला, ब्रिजटन गावचा कारखानदार. पत्र्याला आकार देणारे प्रेस बनवणं हा त्याचा व्यवसाय. १८७८ साली त्याने एडिसनचा फोनोग्राफ पाहिला आणि त्याच्या डोक्यात आलं की सुईने खरवडण्यापेक्षा आवाजाचा ठसा लोहचुंबकाने उमटवला तर सुईची खरखर टळेल. त्याने पेटंट कचेरीत त्याची नोंद केली, पण पोटापाण्याचा धंदा सोडून या मागे लागायला त्याला सवड झाली नाही. मग दहा वर्षं वाट पाहून, ८ सप्टेंबर १८८८ रोजी, त्याने ‘द इलेक्ट्रिकल वर्ल्ड’ या नियतकालिकात ती कल्पना सविस्तर छापून टाकली. ज्याला जमेल त्याने करावं, अशा भावनेने. सुती किंवा रेशमी दोऱ्यात पोलादाचा बारीक चुरा गुंतवायचा आणि तो दोरा विद्युतचुंबकाजवळून पळवायचा, अशी त्याची योजना. अख्खी पोलादी तार वापरली तर एका ठिकाणचं चुंबकत्व शेजारी पसरेल आणि सगळ्याची खिचडी होईल, अशी भीती त्याला वाटत होती. आपल्याकडे हल्ली जो तो आपली कल्पना कुणी चोरेल म्हणून मुठीत धरून बसतो, त्या पार्श्वभूमीवर हा स्मिथ मला फार आवडतो.

तारेबद्दलची त्याची भीती खोटी ठरवली ती पोल्सेनने. त्याचा सुरुवातीचा प्रयोग आजही कुठल्याही शाळेच्या प्रयोगशाळेत करता येईल इतका साधा होता. खोलीत पोलादी तार ताणायची. तिच्यावरून एक छोटा विद्युतचुंबक सरकवत न्यायचा आणि त्याच वेळी त्याला जोडलेल्या मायक्रोफोनमध्ये बोलायचं. बोलण्याच्या चढउतारानुसार वीज कमी-जास्त होते, विजेनुसार चुंबक कमी-जास्त जोर लावतो, आणि तारेत कुठे दाट, कुठे विरळ असं चुंबकत्व मागे राहतं. मग मायक्रोफोन काढून त्या जागी टेलिफोनचा कानाला लावायचा भाग जोडायचा, चुंबक पुन्हा पहिल्यापासून सरकवायचा. तार बोलू लागते. शेजारच्या ठशात ठसा मिसळत नाही. आणि या ठशाची गंमत अशी की तो डोळ्याला दिसत नाही, नखाला लागत नाही. तार होती तशीच गुळगुळीत.

त्याच तारेवरून एकसारखा, न बदलणारा चुंबक फिरवला की आधीचं बोलणं नाहीसं. तार पुन्हा कोरी.

कचेऱ्यांतल्या डिक्टेशनच्या यंत्रांत मेणाची नळकांडी असत आणि ती वरून तासून पुन्हा वापरता येत, हे मला ठाऊक आहे. पण तासलेलं मेण खाली पडायचं, नळकांडं दर खेपेला बारीक व्हायचं. काहीतरी काढून टाकलं आहे हे वस्तूच सांगायची. पोल्सेनच्या तारेचं तसं नव्हतं. तिचं वजन घटत नाही, रंग बदलत नाही. हजार वेळा लिहा, हजार वेळा पुसा.

मी तीसहून अधिक वर्षं बँकेत काढली. नोकरीला लागले ती १९८० च्या दशकात, तेव्हा आमची लेजर हाताने लिहिली जात. पहिल्या आठवड्यात जुन्या हेडक्लार्कनी जो पाठ दिला तो व्याजाच्या हिशेबाचा नव्हता. तो खाडाखोडीचा होता. आकडा चुकला तर रबर लावायचं नाही, ब्लेडने खरवडायचं नाही, त्याच्यावर दुसरा आकडा गिरवायचा तर मुळीच नाही. चुकलेल्या आकड्यावर लाल शाईने एकच आडवी रेघ मारायची, तीही अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी अधिकाऱ्याची लघुस्वाक्षरी घ्यायची. चूक दिसली पाहिजे, दुरुस्ती दिसली पाहिजे, आणि दुरुस्ती करणारा माणूसही दिसला पाहिजे. इन्स्पेक्शनला आलेले साहेब आकड्यांआधी पानं उजेडाकडे धरून बघत, कुठे कागद खरवडल्याने पातळ झाला आहे का म्हणून. त्या शिस्तीत वाढलेल्या बाईला पोल्सेनच्या तारेची धास्ती वाटली तर नवल नाही. इथे कागद पातळच होत नाही!

(आणि गंमत पाहा, पुढे बँकेतली ती लेजर गेली आणि सगळे हिशेब चुंबकीय तबकड्यांवर आले. एटीएम कार्डाच्या पाठीवरची काळी पट्टी हीसुद्धा त्याच तारेची नात. म्हणजे पोल्सेन मला निवृत्तीपर्यंत सोडायला तयार नव्हता.)

असो. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टेलिग्राफोनने ‘ग्रां प्री’ हे मोठं पारितोषिक मिळवलं. त्याच वर्षी या यंत्रासमोर ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ बोलला. काय बोलला? हा शोध पाहून मला फार कुतूहल वाटलं, दाखवल्याबद्दल आभारी आहे, अशा अर्थाचं एक सभ्य वाक्य. आपले मंत्री प्रदर्शनाच्या शेरेबुकात लिहितात तसं. पण ते वाक्य डेन्मार्कमध्ये जपलं गेलं आणि चुंबकीय ध्वनिमुद्रणाचा आज शिल्लक असलेला सर्वांत जुना नमुना म्हणून तेच ओळखलं जातं. त्या काळात त्या यंत्रांपुढे कितीतरी लोक काय काय बोलले असतील. ते सगळं पुढच्या माणसाच्या बोलण्याखाली गेलं. सम्राटाचं राहिलं, कारण ती तार पुन्हा वापरायची नाही, असं कुणीतरी ठरवलं. यंत्राने काही जपलं नाही. यंत्राला सम्राट आणि शिपाई सारखेच.

धंदा म्हणून टेलिग्राफोन बुडाला. १९०३ साली अमेरिकेत त्यासाठी कंपनी निघाली. तिने यंत्रांपेक्षा शेअरच जास्त विकले. कर्जाची फाइल म्हणून ती माझ्या टेबलावर आली असती तर मी दोनच प्रश्न विचारले असते: आवाज किती मोठा येतो, आणि मुद्रण किती वेळाचं होतं? आवाज मोठा करणारे व्हॉल्व्ह तेव्हा वापरात यायचे होते, त्यामुळे कानाला यंत्र लावून पुटपुटल्यासारखं ऐकू यायचं. आणि पहिल्या नमुन्यावर मुद्रण होई जेमतेम मिनिटभराचं. घरी नसताना आलेला टेलिफोनवरचा निरोप टिपून ठेवण्यासाठी ही कल्पना उत्तम होती. पण जगाला ती गरज वाटायला अजून अर्धं शतक जायचं होतं.

मधल्या काळाची कहाणी मुख्यतः जर्मनीतली. तारेच्या जागी पोलादी पट्टी आली. बीबीसीने १९३० च्या सुमारास लुई ब्लाटनरच्या नावाचं असं यंत्र घेतलं आणि पुढे मार्कोनी कंपनीने त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. सेकंदाला दीड मीटर वेगाने धावणारी पोलादी पट्टी, म्हणजे अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला जवळजवळ तीन किलोमीटर. ती तुटली की वस्तऱ्यासारखी खोलीत उसळे.

यातून सुटका केली फ्रिट्झ प्फ्लॉयमर या ड्रेस्डेनच्या गृहस्थाने, आणि तीही सिगारेटमुळे. उंची सिगारेटींच्या टोकाशी सोनेरी पट्टी असते. तिथे खऱ्या सोन्याऐवजी धातूची पूड कागदावर चिकटवण्याची रीत त्याने बसवली होती. कागदावर ब्राँझ चिकटतं तर लोखंड का नाही चिकटणार? १९२८ साली त्याने कागदी फितीवर लोखंडाच्या पुडीचा लेप देऊन तिचं पेटंट घेतलं. ती फीत हलकी, स्वस्त, कात्रीने कापता येणारी, खळीने जोडता येणारी. चाळीस वर्षांपूर्वीचा स्मिथचा दोरा आठवा. तोच विचार, नवा अंगरखा. पुढे जर्मन न्यायालयाने मूळ तत्त्व पोल्सेनचं म्हणून हे पेटंट रद्द ठरवलं. तोवर एईजी कंपनीने यंत्र आणि आज बीएएसएफ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रसायन कारखान्याने फीत तयार केली होती. त्यांचा ‘मॅग्नेटोफोन’ १९३५ च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात मांडला गेला. १९४० साली जर्मन रेडिओतल्या वाल्टर वेबर आणि फॉन ब्राउनम्यूल यांनी मुद्रणाच्या विजेत कानाला ऐकू न येणारं अतिजलद कंपन मिसळायची युक्ती बसवली. अमेरिकेत आणि जपानमध्येही ती आधी कुणाकुणाला सुचली होती. लोखंडाचे कण तसे आळशी, छोट्या धक्क्याला दाद देत नाहीत. पायलीत धान्य भरताना आपण ती हलवतो आणि दाणे नीट बसतात, तसं त्या कंपनाने होतं. फितीची सरसर एकदम खाली आली.

जॅक मुलिन हा अमेरिकी सैन्यातला तंत्रज्ञ युद्धकाळात इंग्लंडमध्ये रात्री काम करताना जर्मन रेडिओ ऐके. मध्यरात्री उलटून गेल्यावरही वाद्यवृंद वाजतोय, आणि तबकडीची टिकटिक नाही. एवढ्या रात्री रोज अख्खा वाद्यवृंद बसवतात की काय हे लोक? युद्ध संपल्यावर त्याला उत्तर सापडलं आणि त्याने दोन मॅग्नेटोफोन सुटे करून पार्सलांनी घरी धाडले. १९४७ साली गायक बिंग क्रॉस्बीने ते यंत्र पाहिलं. क्रॉस्बीला एकच कार्यक्रम अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांसाठी दोनदा सादर करण्याचा भयंकर कंटाळा होता. तिथून फीत अमेरिकेत पसरली ती क्रॉस्बीच्या आळसामुळे, असं म्हणायला हरकत नाही. मुलिनने सांगितलेली एक हकिकत मला फार सूचक वाटते. एका विनोदवीराचे काही चावट किस्से कार्यक्रमातून कापावे लागले, पण श्रोते हसले होते ते इतके झकास की तेवढा हसण्याचा तुकडा ठेवून दिला. पुढे एका पडलेल्या कार्यक्रमाला तो जोडला. फीत अजून नवखीच होती, आणि विनोद पुसून हसणं उरवण्याची कला माणसाला साधली होती.

स्वस्ताई आणि पुसता येणं या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं? बीबीसीने १९६० आणि ७० च्या दशकांत कित्येक कार्यक्रमांच्या चित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे अनेक भाग त्यात गेले. त्या हरवलेल्या भागांचा निदान आवाज तरी आज ऐकता येतो तो प्रेक्षकांमुळे, कारण टीव्हीसमोर घरगुती टेपरेकॉर्डर ठेवून बसलेल्या हौशी मंडळींनी तो मुद्रित करून ठेवला होता. संस्थेने पुसलं, पोरांनी ठेवलं. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला त्या वेळच्या मूळ नोंदींच्या चुंबकीय फिती बहुधा पुढे टंचाईच्या दिवसांत पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असं ‘नासा’ला २००९ साली कबूल करावं लागलं. (चित्रं आपण पाहतो ती प्रक्षेपणाच्या इतर प्रतींवरून सुधारलेली.) यात कुणी खलनायक नाही. फीत महाग होती, कपाटं भरली होती, कुणीतरी सोयीचं तेवढं केलं.

निक्सनची गोष्ट मात्र सोयीची नव्हे. २० जून १९७२ च्या संभाषणाच्या फितीत साडेअठरा मिनिटं नुसती घरघर आहे. तज्ज्ञांनी १९७४ साली तपासून सांगितलं की ते निदान पाच वेळा थांबत थांबत पुसलेलं आहे. म्हणजे फितीने पुसल्याची साक्ष दिली. काय पुसलं ते सांगितलं नाही आणि कुणी पुसलं तेही नाही. आमच्या हेडक्लार्कनी ती फीत पाहिली असती तर म्हणाले असते, लाल रेघ आहे, सही कुठे आहे?

आपल्याकडच्या घरांत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या नणंदेच्या सासरी, रत्नागिरीकडे, एक साठाची कॅसेट आहे. १९७९ साली आखातातून आलेल्या मुलाने टू-इन-वन आणला आणि पहिल्याच दिवशी आजेसासूबाईंना त्याच्यापुढे बसवलं. लग्न होऊन मुंबईहून बोटीने कोकणात आल्या तेव्हाची हकिकत त्या सांगत होत्या. चार-पाच वर्षांनी घरातल्या दहा वर्षांच्या पोराने त्याच कॅसेटवर रेडिओवरची सिनेमाची गाणी घेतली. त्याचं काय चुकलं? कॅसेटवर काही लिहिलेलं नव्हतं. आज ती लावली की शेवटचं गाणं मध्येच तुटतं आणि आजींचा आवाज येतो: “...तर पडाव एवढा हलत होता, की मी डोळेच मिटून घेतले.” मग फीत संपते. त्या डोळे उघडून कुठल्या बंदरात उतरल्या, हे सांगणारं घरात आता कुणी नाही.

उलट उदाहरणही आपल्याच मातीतलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतल्या कितीतरी गाणाऱ्या बायकांच्या आवाजात टेपवर घेतल्या. जातं गेलं, दळण गिरणीत गेलं, पण त्या बायकांची नावं, गावं आणि गळे आज ऐकता येतात. फीत तीच, आपल्या घरातल्यासारखीच. फरक इतकाच, की तिथे प्रत्येक फितीवर कोण गातंय ते लिहिलेलं होतं.

यावर तरुण मंडळी म्हणतात, काकू, आता काळजी कसली, फोनमध्ये सगळं राहतं. मला हे पटत नाही. माझ्या भाचीच्या फोनमध्ये हजारो व्हिडिओ आहेत, आणि ‘जागा संपली’ असा निरोप आला की ती लोकलमध्ये उभ्या उभ्या अंगठ्याने पन्नास-पन्नास उडवते. पोल्सेनच्या तारेला निदान चुंबक फिरवावा लागे. शिवाय सगळंच ठेवायचा हट्टही मला मान्य नाही. मी कादंबऱ्या लिहिते. लिहिलेली निम्मी पानं फाडून टाकण्यातच माझा दिवस जातो. बँकेतसुद्धा जुनं दप्तर नष्ट करत असू. पण त्याची यादी व्हायची, मुदत पाहिली जायची, वरिष्ठांची मंजुरी यायची, आणि काय नष्ट केलं ते सांगणारं रजिस्टर मात्र कायम राहायचं. पुसायला माझी ना नाही. कुणीतरी शुद्धीवर राहून, ऐकून, ठरवून पुसावं, एवढंच माझं मागणं आहे.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली तेव्हा तिच्या पाठच्या कडेला दोन कोपऱ्यांत प्लास्टिकच्या दोन बारीक चौकोनी टिकल्या ठेवल्या. टिकली मोडली की त्या बाजूवर रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. या साऱ्या इतिहासात ‘हे पुसायचं नाही’ असं घरातल्या माणसाला सांगता यावं म्हणून केलेली ही सोय मला सर्वांत शहाणी वाटते. आपण तिची काय दशा केली तेही आठवा: कोरी कॅसेट आणायचा कंटाळा म्हणून त्या भोकांवर चिकटपट्टी लावून खुशाल नवीन गाणी घेतली.

तुमच्या माळ्यावर असा एखादा खोका असेलच. कॅसेटी आता तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या आहेत, आणि कोकणातल्या दमट हवेत तर फितीवर बुरशीही धरते. चालू टेपरेकॉर्डर दुरुस्त करून देणारा कारागीर शोधावा लागतो, पण अजून सापडतो. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट तशीच लावू नका, जाणकाराला दाखवा. बाकीच्या हळूच एकदा पुढे, एकदा मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला शेजारी बसवा, तेच आवाज ओळखतील, आणि ओळखलेलं नाव लगेच वेष्टनावर लिहा. आणि हे सगळं करण्याआधी, यंत्रात घालण्याआधीच, कॅसेट पाठच्या बाजूने पाहा. टिकल्या शाबूत असतील तर पेनाच्या टोकाने मोडा. त्या जागी कुणी चिकटपट्टी लावलेली असेल, तर ती आधी काढा.